लाईन गेली होती
अकोल्यात ललितच्या स्क्रीनवर बडनेऱ्याच्या घरचा कंप्युटर उघडला होता. दुरूनच दुरुस्ती करता यावी म्हणून त्यानंच जोडलेला. तिथे व्हिडिओ कॉलवर खाकी घातलेला भामटा बाबांना अटकेची भीती घालून पैसे पाठवायला लावत होता. टीसी म्हणून निवृत्त झालेले बाबा या ‘साहेबा’पुढे जुना काळा कोट चढवून बसले होते. ललितचा फोन उचलत नव्हते. ललितनं इथूनच शटडाऊनची कमांड दिली. स्क्रीन काळी झाली. थोड्या वेळानं कंप्युटर सुरू करून बाबा पुन्हा हजर, हात जोडून: “माफ करा सायेब, लाईन गेली होती.” ललितनं पुन्हा बंद केला, बाबांनी पुन्हा सुरू केला. शेवटी बाबांचाच फोन आला. “ललित, कंप्युटर घडीघडी बंद पडून राह्यला. लवकर पाय, सायेब थांबले.” “बाबा, तो पोलीस नाही, चोर हाये!” “तू असंच म्हणशीन, हे सायेबानं आधीच सांगतलं.”