तुपाचे आणि बिनतुपाचे

हेमलताबाईंनी नवऱ्याला वरणभात कोरडाच वाढला, तेवढ्यात फोन वाजला. प्रयोगशाळेतून डॉक्टर बिडवे बोलत होत्या.

"वाईट बातमी आहे, काकू. तुमचे बिनतुपाचेही गेले."

हेमलताबाई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. रघुवीररावांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर प्रयोगशाळेनं पथ्य ठरवण्यासाठी संगणकात त्यांचे दोन हुबेहूब जुळे बनवले होते. तिथे एका दिवसात एक वर्ष सरायचं. पहिल्याला रोज तूप दिलं, तो दहा वर्षांनी गेला. त्या दिवसापासून घरातलं तूप बंद झालं होतं आणि दुसऱ्याला बिनतुपाचं जेवण सुरू झालं होतं.

"आणि हे किती वर्षं जगले?"

"सातच."

"अहो, मग मी यांना वाढू तरी काय?" त्यांचा आवाज चढला. "तूप काढलंत, पण त्याच्या जागी तो खात काय होता?"

पलीकडे थोडा वेळ बटणं वाजत राहिली.

"खारी. पोट भरायचं नाही, मग चोरून चार-पाच खायचा."

"काहीतरीच! हे खारीला हातसुद्धा लावत नाहीत."

"काकू, जुळ्याला सवयी आम्ही लावत नाही. त्या काकांचं खाणंपिणं टिपणाऱ्या मनगटावरच्या पट्टीतून येतात."

हेमलताबाई धावतच बाहेर आल्या. ताटात वरणभात तसाच होता. रघुवीरराव गॅलरीत पाठमोरे उभे होते. चाहूल लागताच ते दचकून वळले.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या मिशीवरचा खारीचा पापुद्रा हलला.