सुरेंद्रचे हातमोजे

"कातड्याचे नकोत!" सत्यनारायण गरजला. "आमच्या घरात गाईचा कातडा चालायचा नाय."

काउंटरमागच्या क्रेओल बाईने चामडी हातमोजे खोक्यात परत ठेवले. मग मेरिनो लोकरीचे चार-पाच जोड काढून समोर मांडले. बाहेर बेटावरच्या व्हाकोआ गावाची जुलैमधली, ऐन हिवाळ्यातली झिमझिम चालू होती आणि उघड्या दारातून गारठा आत येत होता.

"हां, लोकर बरी," सत्यनारायण बायकोला म्हणाला. "लोकर सोवळ्यातली. कशाला शिवली तरी विटाळत नाय."

भगवतीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण सरकारी कचेरीत हेडक्लार्क झाल्यापासून नवऱ्याला दिसेल त्याला समजावून सांगायची खोड लागली होती. लोकर विटाळत नाही, सुती कापड विटाळतं, आणि पोटची पोर तर हमखास विटाळते, असं त्याचं शास्त्र. भगवतीचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं ते त्यामुळेच.

मोठा मुलगा सुरेंद्र बॅरिस्टर व्हायला पुढच्या आठवड्यात बोटीने लंडनला निघणार होता. हातमोज्यांची खरेदी त्याच्यासाठीच होती. मराठी मंडळाने त्याला देवळात हार घातला, पेढे वाटले. भगवतीनेही आनंदाने खाल्ले, तिचाच मुलगा तो. पण कुंतीही तिचीच ना? कुंतीने पोर्ट लुईला जाऊन मुलाखत दिली आणि इंग्लंडमध्ये नर्सिंग शिकायला तिची निवड झाली. महिनाभर पोरगी चुलीशी बसून आईला तिथल्या कामाबद्दल सांगत होती. तिला हार नाही की पेढा नाही. बापाने जेवता जेवता निकाल दिला, "आमची पोर परक्या मरदांची घाण काढायला जाणार नाय." मंडळातल्या चार शहाण्यांनीही माना डोलावल्या.

घाण! सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं कोणी काढलं? कुंतीने. शाळेतून आली की दप्तर टाकून म्हातारीचं अंग पुसायची. त्या वेळी हा माणूस ओसरीत पेपर वाचत बसायचा आणि मंडळातलं कोणी दारात आलं की पोरीचं कौतुक सांगायचा. तेव्हा विटाळ कुठल्या गावाला गेला होता? भगवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी ती गप्प बसली होती. याचा तिला आता नवऱ्याहूनही स्वतःचा जास्त राग येत होता.

"पू की त्रावाय, मादाम?" दुकानातल्या बाईने तिला विचारलं. कुठल्या कामासाठी?

"काम कसला?" सत्यनारायण मध्येच म्हणाला. "लंडनला फ्रे असतो, मरणाची थंडी. दे कुठला पण जाडा."

बाईला ते पटलं नाही. एकच जोड सगळीकडे चालत नाही, ती भगवतीलाच सांगू लागली. हा बारीक विणीचा. लिहिताना, बटणं लावताना काढावा लागत नाही. हा दुहेरी विणीचा, बर्फात चालायला. वारा मात्र विणीतून आत शिरतो, म्हणून सायकल चालवायची असेल तर हा घट्ट विणीचा, लांब मनगटाचा.

"न पावसात, लापलीत भिजला तर?" भगवतीने विचारलं.

भिजली तरी ही लोकर ऊब सोडत नाही, बाई म्हणाली. पण वाळायला वेळ लागतो. रोज बाहेर पडायचं असेल तर दोन जोड हवेत.

"रोज पडायचा हाय," भगवती म्हणाली. "सकाळी अंधार असतो तेव्हाच. बिसिक्लेतवर. पावसात पण."

"कोण बिसिक्लेतवर?" सत्यनारायणाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सुरेंद्रला तर चालवता पण येत नाय."

भगवतीने ऐकलं न ऐकलं केलं. तिने घट्ट विणीचा जोड उचलला, आतून बोट फिरवून पाहिलं. मऊ होता, कुठे टोचत नव्हता. पाणी आणि साबणाने हात सारखे फुटतील, त्यावर खरखरीत लोकर सोसायची नाही, एवढं तिला कळत होतं. तिने तो बाजूला ठेवला आणि बारीक विणीचाही एक घेतला.

"आलोर, मग दोन-दोन कशाला?" सत्यनारायणाने विचारलं.

"एक भिजला का दुसरा लागतो. ऐकला नाय काय?"

बाईने माप विचारलं. सत्यनारायणाने मुलाचा पंजा केवढा ते दाखवायला स्वतःचा हात पुढे केला. भगवतीने तो धरला आणि बाजूला सारला. आपला बांगड्यांचा हात काउंटरवर पालथा ठेवला.

"ह्या मापाचे द्या. कुंतीचा न माझा हात सारखाच हाय."

दुकानातली बाई दोघांकडे आळीपाळीने पाहू लागली. सत्यनारायणाचा चेहरा लालबुंद झाला.

"अगो, मी होकार दिलेला नाय!"

"तुमी नका देऊ. मी दिला. उद्या तिच्यासंगती पोर्ट लुईला जाते न पोर येणार असा तिथे सांगून येते."

मग सत्यनारायणाला मुलगा आठवला.

"न मग सुरेंद्रचे?"

"त्याचे तो निवडेल," भगवती म्हणाली. "त्याला कोणी अडवला हाय?"