तिसरा खांब

टेम्पोत एक कपाट, दोन गाद्या, अकरा खोकी आणि सासूबाईंची आरामखुर्ची होती. मुलुंडच्या नव्या पत्त्यावर सामान उतरत असताना श्रुतिकाच्या मोबाइलवर बँकेकडून घराच्या मूल्यांकनाचा अहवाल आला. कर्जाच्या सह्या कालच झाल्या होत्या, जुनी खोलीही विकली होती. “सहीच्या तीन दिवस आधी देणार होते ना रे?” तिने नवऱ्याला विचारलं. “कर्ज मिळालं ना? आता काय परीक्षा द्यायचीय वाचून?” नवरा हसला. ती वाचत राहिली. पार्किंगमधल्या तिसऱ्या खांबाला उभा तडा आहे. वीस दिवसांपूर्वी मोजलेली रुंदी दोन मिलिमीटर. त्या खांबावर सोसायटीचा कोरा सूचनाफलक टांगलेला होता. तिने तो उतरवला आणि मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी काढली. “अगं, वर या दोघं!” चौथ्या मजल्यावरून सासूबाईंनी हाक दिली. “दूध उतू घालायचंय!” तिने पट्टी लावली. तडा पाच मिलिमीटर भरला.