माणसाळलेला नर

“हाच! आता नाही म्हणू नकोस, आई,” मुलगा म्हणाला आणि हातातल्या फळीनं त्यानं बाकीच्या तिघांना बाजूला सारलं.

म्हातारी कुंपणाची दांडी धरून उभी होती. समोर डुकरांचे चार तरणे नर. कळपाला पैदाशीचा नर कुठला ठेवायचा हे तिनंच ठरवायचं, अशी या शेतावरची रीत होती, पार नवरा होता तेव्हापासूनची. गुडघ्यांनी दगा दिला तशी बाकीची कामं एकेक करून मुला-सुनेकडे गेली. हे एवढं तिच्याकडे उरलं होतं. वर्षातून ही एक सकाळ मुलगा तिच्या शेजारी उभा राहायचा, तिला विचारायचा, ती सांगेल ते ऐकायचा. त्यासाठी ती ठेवणीतला स्वेटर काढायची. डुकरं बघायला ठेवणीतला स्वेटर! सून हसायची. हसेना का बापडी.

“पाय बघ याचे. पाठ बघ केवढी लांब. सड मोजलेत मी, दोन्हीकडे सात-सात. याच्या लेकी पिल्लांना कमी पडायच्या नाहीत. आणि स्वभाव म्हणशील तर नुसती गरीब गाय!”

बाकीचे तिघं माणूस पाहून चार हात लांबच थांबले होते. हा मात्र तरातरा कुंपणापाशी आला आणि म्हातारीच्या तळहातात नाकाड खुपसून कुरकुरायला लागला. मुलाची कळी खुलली.

हा असा गरीब का, हे तिला चांगलं माहीत होतं. थंडीत एका डुकरिणीला सडांपेक्षा जास्त पिल्लं झाली. हे सगळ्यात लहान, भावंडांचे धक्के खाऊन गवतात गार पडलेलं. म्हातारीनं ते शालीत गुंडाळलं आणि आपल्या खोलीत नेलं. बाटलीनं पाजलं. जगायचं काही लक्षण नव्हतं, पण जगलं. अंगात जरा जीव आल्यावर खोलीभर तिच्या मागेमागे करायला लागलं. तिनं कपड्यांच्या घड्या घालाव्यात, यानं त्या विस्कटाव्यात. “मेल्या, तुला काय धाड भरलीय!” म्हणून ती ओरडायची. दिवसभर ओरडायला कुणीतरी असावं, यात केवढं सुख असतं ते तिला तेव्हा कळलं. दोन महिन्यांनी, आईपासून तोडलेली पिल्लं कुरणात सोडली तेव्हा तिनं हेही गुपचूप त्यांच्यात सोडून दिलं. मोजणीत एक जास्त भरलं म्हणून मुलगा आपल्याच मोजणीला हसला. त्या दिवसापासून म्हातारीला खोली खायला उठली होती.

पण बाटलीवर वाढलेला नर पैदाशीला ठेवत नाहीत. कळपातला नर माणसाला बिचकतो, बाटलीवरचा बिचकत नाही. त्याच्या लेखी माणूस म्हणजे आणखी एक डुक्कर. आज लाडानं ढुशी देतो. उद्या अंगानं दांडगा होईल, सुळे फुटतील, आणि मादी माजावर असताना कुणी आडवं आलं की फाडून ठेवील. सून रोज दुपारी याच कुंपणात बादली घेऊन जायची, एकटी. त्याच्याकडे पाठ करून वाकून पाणी ओतायची.

म्हातारी गप्प राहिली असती तर तो अजून तीन-चार वर्षं तिच्या खिडकीसमोर चरला असता. बोलली तर आज दुपारी कसायाच्या गाडीत चढणार होता.

“ठरलं ना मग?” मुलानं विचारलं.

ती त्याच्या कानामागे खाजवत राहिली. त्यानं सुखानं डोळे मिटले.

“हा नको,” ती म्हणाली. “तो काळ्या कानांचा ठेव.”

“काय बोलतेस! अगं, काय वाईट आहे याच्यात?”

“मागचा पाय... जरा टाकतो वाकडा.”

मुलानं नराला चालवून पाहिलं. पाय टाकला तो सरळच. मुलगा हसला, पण मनापासून नाही. “तुझी नजर गेली आई आता. राहू दे. पुढच्या वर्षीपासून मी माझं बघत जाईन. तुलाही उगाच इथवर यायचा त्रास.”

तिला रडू आलं. पण आता काय राखायचं राहिलं होतं?

“बाटलीवरचा आहे तो,” ती म्हणाली. “मी पाजलाय.”

मुलाचा चेहरा उतरला. त्यानं फळी आपल्या आणि नराच्या मध्ये धरली. धंद्यात वाढलेला माणूस, त्याला पुढचं सांगायला लागलं नाही. “आणि मी हिला रोज पाणी घेऊन आत पाठवतोय!” तो स्वतःशीच पुटपुटला. मग एकदम तिच्याकडे वळला.

“पण वाढवलास कुठं?”

“माझ्या खोलीत.”

“तुझ्या खोलीत? दोन महिने?” त्याचा विश्वासच बसेना. “अगं, आमचं दार तुझ्या दारासमोर! दिवसातून दहादा जातो-येतो मी. एवढं चिरकणारं पिल्लू तू लपवलंस तरी कुठं?”

म्हातारीनं नराच्या कानावरचा हात काढून घेतला.

“लपवायला कशाला लागतंय रे? शेगडीपाशीच तर असायचं. आत कुणी आलं असतं, तर दिसलंच असतं.”