हातातलं सोडून द्यायचं

मनालीच्या अभ्यासदौऱ्यात दूध संघाचे सगळे संचालक बर्फावर एकेकदा तरी आपटले. उभे राहिले ते फक्त गहिनीनाथ आबा. नेकनूरला परतल्यावर त्यांनी पारासमोर बदकासारखं चालून दाखवलं. पावलं लहान, गुडघे सैल, हात खिशाबाहेर.

"आन घसरलाच, तर हातातलं सोडून द्यायचं. वस्तू पुन्हा घेता येती, हाड न्हाई."

"पर आबा, आपल्याकडं घसरायला वल हाय कुठं?" शेजारच्या मुंजाजीनं विचारलं.

दुष्काळ असा, की जानेवारीतच टँकर सुरू झालेले. त्याच आठवड्यात टँकरचा पाइप निसटला, पारासमोर चिखल झाला आणि भरली घागर घेऊन निघालेले आबा बदकाची चाल विसरून सपशेल आडवे झाले. कोपर दगडावर आदळून काडकन वाजलं.

मुंजाजी धावत आला.

"आबा, हातातलं सोडायचं म्हनला हुता ना तुमी?"

आबांनी कण्हत, छातीशी कवटाळलेली घागर दुसऱ्या हातानं त्याच्यापुढं केली.



"आधी ही धर बे, नीट. मनालीत माझ्या हातात नुसता कॅमेरा हुता."