सातवी ओळ

चोपन्न साली अलमेलूच्या वडिलांची मद्रासला बदली झाली, म्हणून कुंभकोणमच्या आमच्या मराठी वर्गाच्या पटातून मी तिची सातवी ओळ खोडली आणि खालच्या मुलांचे क्रमांक एकेकानं वर सरकवले. दुसऱ्या दिवशी डोकी अकरा भरली, पण ‘हजर’ दहाच आले. पुन्हा हजेरी घेतली, तरी सातला उत्तर येईना. “पंतोजी, गोमतीला आपला आकडा कळत नाही!” पोरं खिदळली. कालपर्यंत आठ क्रमांकाची गोमती मान खाली घालून बसली होती. शेजारची जागा तिनं पाटी ठेवून अडवली होती. “सात आता तूच ना गं?” मी विचारलं. “सात अलमेलू. मी सात झाले, तर ती कुठं बसेल?” मी खोडलेली ओळ परत लिहिली. ‘सात’ पुकारून मी थोडा थांबलो. कुणीच हसलं नाही. “आठ?” गोमतीनं मान उचलली. “हजर, पंतोजी.”