वन्संची पांढरीशुभ्र फिल्म
वहिनींच्या मुलीच्या स्तनांतल्या ऊती दाट आहेत, कर्करोगाचा धोका जास्त, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि वन्संनी नाक असं मुरडलं, की दवाखान्यातला पंखासुद्धा अडखळला. "वहिनी, हे तुमच्या माहेरचं देणं! आमचं घराणं स्वच्छ." पुरावा म्हणून त्यांनी पिशवीतून स्वतःची मॅमोग्राफीची फिल्म काढली. दोन वर्षं ती कुणालाच न दाखवता कपाटात जपलेली. उजेडाच्या पेटीवर ती दुधासारखी पांढरीशुभ्र दिसली. "बघा, एक तरी काळा डाग?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "पांढरं म्हणजेच दाट, आत्याबाई. दाटपणा वडिलांकडूनही येतो. पोरीला तुमच्याच घराण्याचा आलेला दिसतो. गाठही पांढरीच असते, त्यात दडून बसते. तुमची सोनोग्राफी आजच करू." वन्संचं नाक मुकाट्यानं सरळ झालं. वहिनींनी त्यांची पिशवी उचलली. "चला वन्सं, रांग कुठं असते विचारू. आमच्या माहेरी कुणाला सोनोग्राफी लागलीच नाही."